नव्वद मिनिटांची वाटणी



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी घडवलेली मुलं आज या सभागृहात पहिल्या रांगांत बसली आहेत. त्यांतले बरेच जण आता स्वतः मुलांना शिकवतात. म्हणून मी विषयही कोचच्या कामातलाच घेतला. संघातल्या कुणाला किती वेळ खेळवायचं? व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा प्रश्न आठवड्यातून एकदा, कधी दोनदा समोर येतो. डावपेचांवर आपण तासन् तास बोलतो. या प्रश्नावर मात्र बोलणं होतं ते सामना हरल्यावर, आणि तेही दोष देण्यापुरतं.

हिशेबापासून सुरुवात करतो. अकरा जण, नव्वद मिनिटं. म्हणजे एका सामन्यात संघाकडे ९९० मिनिटं असतात. बदली खेळाडू तीन घ्या की पाच घ्या, ही बेरीज एका मिनिटानंही वाढत नाही. युरोपातला एखादा मोठा क्लब हंगामात साठेक सामने खेळतो. त्याच्याकडे ५९,४०० मिनिटं झाली. पथकात पंचवीस खेळाडू धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २,३७६ मिनिटं येतात, साधारण सव्वीस पूर्ण सामने. असं सारखं वाटप कुणी करत नाही आणि करूही नये. पण एकाला साठच्या साठ सामने दिले, तर त्याला वाट्यापेक्षा मिळालेले चौतीस सामने दुसऱ्या कुणाचे तरी होते. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला पाणीपाळी समजावून सांगावी लागत नाही. कालव्याचं पाणी तेवढंच असतं, वरच्यानं जास्त घेतलं की टोकाचं रान कोरडं राहतं. फरक एवढाच की इथं ज्याला जास्त मिळतं त्याचंही नुकसान होतं. त्याकडे मी पुढं येणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मिनिटांची वाटणी हे कोचचं सगळ्यात जबाबदारीचं काम आहे. ती वाटणी हरण्याच्या भीतीनं होते, तेव्हा खेळणाऱ्याचं शरीर झिजतं आणि न खेळणाऱ्याची उमेद जाते. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या पुराव्यादाखल.

एक काळ असा होता की वाटणीचा प्रश्नच नव्हता. जे अकरा उतरले तेच शेवटपर्यंत. कुणी जखमी झाला तर लंगडत खेळायचं, नाहीतर संघानं दहा जणांत भागवायचं. १९५६ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान समोरच्या खेळाडूवर आदळला. सामन्याची पंधरा-सतरा मिनिटं उरली होती. तो मान धरून उभा राहिला आणि खेळत राहिला. सिटीनं बर्मिंगहॅमला ३-१ असं हरवलं. काही दिवसांनी क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा कळलं, की मानेचं हाड मोडलेलं होतं. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालविरुद्ध पेलेला लाथांनी जायबंदी केलं गेलं. बदली खेळाडू घेता येत नव्हता, म्हणून जगातला सगळ्यात मोठा खेळाडू एका कडेला लंगडत राहिला आणि ब्राझील ३-१ असा हरून स्पर्धेबाहेर गेला.

आपल्याकडचं उदाहरण तर सोन्याचं आहे. १९६२, जकार्ता, आशियाई क्रीडा स्पर्धा. बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बचावातून काढून आघाडीला खेळवलं. त्यानं उपांत्य सामन्यातही गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही. पी. के. बॅनर्जी यांचा एक आणि जर्नेलचा एक, भारत २-१.  या कथा सांगताना आपली छाती फुगते, फुगावीच. तरीही टाके घातलेलं डोकं घेऊन हेडिंगला उडी मारणाऱ्या माणसाला त्या दिवशी नाही म्हणायची सोय कुठे होती, हा प्रश्न मला सोडत नाही.

इंग्लंडच्या लीगनं १९६५-६६ च्या हंगामात पहिल्यांदा एक बदली खेळाडू घेऊ दिला, आणि तोही फक्त दुखापत झाली तरच. चार्ल्टन ॲथलेटिकचा कीथ पीकॉक २१ ऑगस्ट १९६५ रोजी असा पहिला उतरला. दोन वर्षांनी दुखापतीची अटही गेली. अट गेली त्या दिवशी कोचच्या हातात एक नवी गोष्ट आली. आता तो धडधाकट माणसालाही बाहेर बोलावू शकत होता.

ही नवी ताकद किती जड आहे ते १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात दिसलं. विश्वचषकात पहिल्यांदाच दोन बदल्यांची मुभा होती. उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध २-० असं पुढे होतं. बेकेनबाउअरनं एक गोल फेडला आणि इंग्लंडचे कोच आल्फ रॅम्से यांनी बॉबी चार्ल्टनला बाहेर काढलं. उकाडा होता, चार्ल्टनचं वय झालं होतं, तीन दिवसांनी उपांत्य सामना होता. विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण तो उपांत्य सामना इंग्लंडला खेळायला मिळालाच नाही. जादा वेळेत ते ३-२ असे हरले, आणि चार्ल्टनचा तो १०६ वा सामना त्याचा देशासाठीचा शेवटचा ठरला. मग उपांत्य सामन्यात इटलीविरुद्ध त्याच बेकेनबाउअरचा खांदा निखळला. जर्मनीच्या दोन्ही बदल्या वापरून झाल्या होत्या. तो हात छातीशी बांधून जादा वेळेत खेळला. तीन दिवसांच्या अंतरात या नियमाच्या दोन्ही बाजू दिसल्या. पहिल्या सामन्यात बदली लवकर झाली, दुसऱ्यात उरलीच नव्हती.

बाहेर बसणाऱ्याचं काय होतं, यासाठी मला जिमी ग्रीव्ह्ज आठवतो. इंग्लंडचा त्या काळातला सर्वांत धारदार गोल करणारा. १९६६ च्या विश्वचषकात साखळी सामन्यात त्याच्या नडगीला जखम झाली, त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला, आणि अंतिम सामन्यापर्यंत संघ तसाच राहिला. हर्स्टनं अंतिम सामन्यात तीन गोल केले, त्यामुळे रॅम्से यांच्या निर्णयाला नाव ठेवायला जागा नाही. पण तेव्हा पदक मिळायचं ते फक्त अंतिम सामन्यातल्या अकरा जणांना. ग्रीव्ह्जला त्याचं पदक मिळालं २००९ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. पथकातला माणूस हाही विजेता असतो, हे मान्य करायला खेळाच्या कारभाऱ्यांना एवढा काळ लागला.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. दोनाच्या तीन बदल्या १९९५ मध्ये झाल्या. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, पाच बदल्यांची तात्पुरती सवलत मिळाली, मात्र त्या तीन खेपांत आणि मध्यंतरात उरकायच्या. २०२२ मध्ये ती नियमांत कायमची आली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं मधले दोन हंगाम तीनच बदल्या ठेवल्या. छोट्या क्लबांचं म्हणणं होतं की पाच बदल्यांचा फायदा ज्याच्या बेंचवर पैसा बसलाय त्यालाच. हा आक्षेप खोटा नाही. मला तो पुरेसा वाटत नाही, एवढंच, कारण या नियमाचा खरा लाभार्थी क्लब नसून खेळाडूचं शरीर आहे.

शरीराबद्दल आता थोडं सविस्तर. व्यावसायिक खेळाडू एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर धावतो. नुसतं अंतर महत्त्वाचं नाही. त्यात शेकडो वेळा थांबणं, वळणं आणि पुन्हा वेग घेणं असतं. स्नायूंतला साठा पुन्हा भरायला दोन ते तीन दिवस लागतात. ग्रेगरी ड्युपाँ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एका युरोपीय क्लबच्या खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यात एक सामना आणि आठवड्यात दोन सामने, अशी तुलना होती. धावण्याच्या आकड्यांत फारसा फरक पडला नाही. दुखापती मात्र दर हजार तासांमागे ४.१ वरून २५.६ वर गेल्या, सहापट. कोचसाठी यातली धोक्याची गोष्ट पहिल्या निष्कर्षात आहे. दमलेला चांगला खेळाडू दमलेला दिसत नाही. तो तेवढाच धावतो. सीमारेषेवर उभं राहून बघणाऱ्याला वाटतं, गडी ठीक आहे, अजून एक सामना काढेल. मग एके दिवशी कुणीही धक्का न देता तो मांडीचा मागचा भाग धरून खाली बसतो.

बार्सिलोनाचा पेद्री २०२०-२१ च्या हंगामात अठरा वर्षांचा होता. क्लब आणि देश मिळून तो त्या हंगामात ७३ सामने खेळला. क्लबचा हंगाम संपल्यावर युरो स्पर्धा. तिथं स्पेनसाठी जवळजवळ प्रत्येक मिनिट. ती संपल्यावर काही दिवसांत टोकियो ऑलिंपिक, थेट अंतिम सामन्यापर्यंत. त्या वर्षी त्याला युरोपातल्या तरुण खेळाडूंचे मोठे पुरस्कार मिळाले. पुढचा हंगाम मात्र मांडीच्या दुखापतींनी खाल्ला. तिन्ही संघांच्या कोचना तो हवा होता, आणि प्रत्येकाकडे त्याला खेळवायचं चांगलं कारण होतं. त्याचे सगळे सामने एका वहीत मांडून पुरे म्हणणारा माणूस मात्र कुठल्याच संघात नव्हता. अठरा वर्षांचा मुलगा स्वतः होऊन पुरे म्हणत नाही, हे इथं बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

मँचेस्टर सिटीचा रॉड्री तर अनुभवी, जाणता खेळाडू. सप्टेंबर २०२४ मध्ये तो उघडपणे म्हणाला, सामने इतके वाढलेत की खेळाडू संपाच्या जवळ आलेत. त्यानंतर काही दिवसांतच आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या दुखापतीला सामन्यांची गर्दीच कारण होती असं मी म्हणणार नाही, गुडघा एका वाईट वळणानंही जातो. पण गर्दी खरी आहे. त्याच हंगामापासून चॅम्पियन्स लीगमध्ये ३६ संघ आले आणि साखळीतले सामने सहाचे आठ झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात ३२ संघांचा क्लब विश्वचषक झाला. देशांच्या २०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ आणि १०४ सामने ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपातल्या लीग आणि खेळाडूंची संघटना मिळून फिफाविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार घेऊन गेल्या. एरवी पगारावरून एकमेकांसमोर बसणारे मालक आणि कामगार इथं एका बाजूला आले. रोटेशन, म्हणजे खेळाडू आलटूनपालटून खेळवणं, हा आता कोचच्या आवडीनिवडीचा भाग राहिलेला नाही. तो कामगाराच्या कामाच्या तासांचा प्रश्न झालेला आहे.

इथं कुणी विचारेल, आणि विचारावं, की जुने संघ तर न बदलता जिंकायचे. खरं आहे. ॲस्टन व्हिलानं १९८०-८१ ची इंग्लिश लीग ४२ सामन्यांत फक्त चौदा खेळाडू वापरून जिंकली, आणि त्यांतले सात जण एकही सामना चुकले नाहीत. संघ बदलला नाही की खेळाडूंना एकमेकांची सवय होते. पास कुठं येणार हे न बघता कळतं. उलट टोकाला राफाएल बेनितेझ. लिव्हरपूलला असताना ते सामन्यागणिक संघ बदलायचे आणि इंग्लिश वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडायची. क्लॉदिओ रानिएरी यांना चेल्सीत याच कारणासाठी टोपणनाव मिळालं. तेच रानिएरी २०१६ मध्ये लेस्टरला घेऊन विजेते झाले, तेव्हा त्यांचा संघ जवळजवळ ठरलेला होता. मग नियम कुठला?

मला उत्तर इंग्लंडच्या महिला संघात सापडलं, आणि आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. २०२२ च्या युरो स्पर्धेत सरिना विगमान यांनी सहाही सामन्यांत तेच अकरा उतरवले. कागदावर बघितलं तर रोटेशन शून्य. पण सामने नीट बघा. ॲलेसिया रूसोनं स्पर्धेत चार गोल केले आणि चारही बेंचवरून येऊन. ३१ जुलैला वेम्बलीवर, ८७ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर जर्मनीशी अंतिम सामना झाला. ५६ व्या मिनिटाला एला टून उतरली, ६२ व्या मिनिटाला तिनं गोल केला. क्लोई केली ६४ व्या मिनिटाला उतरली. आदल्या वर्षी तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता आणि ती त्या एप्रिलमध्येच मैदानावर परतली होती. ११० व्या मिनिटाला तिनं विजयाचा गोल केला. बदली आलेल्या दोघींनी अंतिम सामना जिंकून दिला.

सुरुवातीचे अकरा ठरलेले होते आणि नंतर येणाऱ्याही जवळजवळ ठरलेल्या होत्या. प्रत्येकीला आपला वाटा माहीत होता, हे मला त्या संघाच्या खेळातून दिसतं. साठाव्या मिनिटानंतर आपली पाळी आहे हे माहीत असलेली खेळाडू पहिला तास रुसून बसत नाही. ती समोरची बचावपटू कुठल्या पायावर वळते ते बघते. ओले गुन्नार सोल्स्कयार मँचेस्टर युनायटेडच्या बेंचवर बसून हेच करायचा. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध भरपाई वेळेत टेडी शेरिंगहॅम आणि सोल्स्कयार या दोन बदली खेळाडूंनी निकाल फिरवला, तो निव्वळ नशिबाचा खेळ मी मानत नाही. तेव्हा माझा निष्कर्ष असा की संघ किती बदलला हे मोजून काही कळत नाही. मिनिटं कमी मिळणाऱ्याला ती कधी आणि का मिळणार हे सांगितलं होतं का, हे विचारावं.

न सांगण्याची किंमतही आहे. २०१४ च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी नेदरलँड्सचे कोच लुई व्हान गाल यांनी गोलरक्षक यास्पर सिलेसनला काढून टिम क्रुलला आणलं, खास पेनल्टींसाठी. क्रुलनं दोन अडवल्या, नेदरलँड्स जिंकले, साऱ्या जगानं व्हान गाल यांना डोक्यावर घेतलं. क्रुलला ही योजना माहीत होती, सिलेसनला नव्हती. बाहेर येताना त्यानं चिडून बाटलीला लाथ मारली. पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा पेनल्टी आल्या. तिन्ही बदल्या संपलेल्या होत्या, गोलजाळ्यात सिलेसनच होता. आपल्या कोचचा पेनल्टीसाठी आपल्यावर भरवसा नाही हे त्याला आणि सगळ्या जगाला कळून चार दिवस झाले होते. नेदरलँड्स हरले.

आता आपल्या देशाकडे येतो, कारण मिनिटांचा खरा दुष्काळ इथं आहे. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानात सहा परदेशी चालत. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. दिशा बरोबर आहे. पण ते चार कुठं खेळतात ते बघा. क्लबला गोल हवे असतात, म्हणून आघाडीच्या टोकाला परदेशी खेळाडू येतो. भारतीय आघाडीपटू विंगवर सरकतो किंवा बेंचवर. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये देशाच्या संघातून निवृत्त झाले आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्यांना परत यावं लागलं. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारे भारतीयही तेच होते. छेत्रींना माझा मुजरा. पण त्यांच्या मागच्या पिढीच्या खात्यावर मिनिटंच जमा नाहीत, तर गोल कुठून येणार?

यावर एक उपाय आपल्याकडे झाला होता. २०१० मध्ये इंडियन ॲरोज हा संघ निघाला, केवळ तरुणांना सामने मिळावेत म्हणून. २०१३ मध्ये तो बंद झाला. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकानंतर पुन्हा उभा राहिला, आणि त्या विश्वचषकात खेळलेली मुलं, त्यांत आपला अनिकेत जाधवही, आय-लीगमध्ये बाप्यांसमोर आठवड्यामागून आठवडे खेळली. त्या हंगामात ॲरोज शेवटच्या क्रमांकावर राहिले. त्यांना खालच्या श्रेणीत जाण्याची भीती नव्हती, तशी सूट होती, म्हणूनच ती मुलं मैदानात दिसली. जीक्सन सिंग, सुरेश वांगजाम, अन्वर अली ही नावं पुढं देशाच्या संघात आली. २०२२ मध्ये संघ पुन्हा बंद झाला. आता तरुणांसाठी रिलायन्स फाउंडेशनची विकास लीग आहे, ती चांगलीच आहे. पण समवयस्कांविरुद्धचे सामने आणि तिशीतल्या कसलेल्या बचावपटूशी खांदा लावून खेळलेली नव्वद मिनिटं यांत फरक आहे. ॲरोज बंद करायला नको होता, हे माझं स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरात तर पेठेपेठेत तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी आहे. इथं हरण्याची भीती कोचच्या मानगुटीवर बसते, कारण संध्याकाळी त्याला त्याच पेठेतून घरी जायचं असतं. दोन गोलांची आघाडी असताना सत्तराव्या मिनिटाला सतरा वर्षांच्या पोराला उतरवणं त्याला धोक्याचं वाटतं. त्या कोचला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या पाठीशी आपण उभं राहायला हवं. म्हणून फुटबॉल संघटनेचे जे पदाधिकारी आणि तालमींचे जे कार्यकर्ते इथं बसले आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. हंगामाच्या अहवालात आपण गोल करणाऱ्यांची यादी छापता. तिच्याशेजारी नोंदणी झालेल्या प्रत्येक खेळाडूची मिनिटंही छापा. पंचांच्या नोंदीत अकरा जणांची नावं आणि बदलीची वेळ असतेच, बेरीज तेवढी करायची आहे. एकोणीस वर्षांखालच्या मुलांना सर्वांत जास्त मिनिटं देणाऱ्या तालमीला एक करंडक ठेवा. आणि ज्या मुलाच्या नावापुढं शून्य येईल, त्याला पुढच्या हंगामाच्या नोंदणीआधी दुसऱ्या संघात जायला मोकळं करा. येत्या हंगामापासून एवढं करा.